मासा कुणी पाहिला?

संभाजीनगरातल्या पाणचक्कीच्या हौदापाशी रविवारी संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आलेलं पाणी भिंतीवरून कोसळत असतं, हौदात मासे फिरत असतात आणि कठड्याला पोरं लटकलेली असतात. परवा तिथे एका तरुण बापाच्या कडेवर दहा-अकरा महिन्यांचं बाळ होतं. त्याला मासा दिसला. त्यानं इवलंसं बोट पाण्याकडे रोखलं आणि लगेच मान वळवून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा पाणी, पुन्हा बाप. बाप मोबाइलमध्ये. ‘हो रे हो, मासा मासा,’ एवढं तो म्हणाला, मान वर न करता. बाळानं त्याची हनुवटी धरून ओढली. मग सोडून दिली आणि शर्टाचं बटण चघळत बसलं.

मी थबकलो ते त्या वळलेल्या मानेपाशी. मासा तर बाळाला आधीच दिसला होता! त्याला विचारायचं होतं, तुम्हालाही दिसला का? शब्द फुटायच्या आधीचा हा प्रश्न आहे, आणि भाषा याच वाटेनं येते. मोठं माणूस बोटाच्या दिशेनं बघतं, ‘मासा’ म्हणतं आणि नाव वस्तूला चिकटतं.

यासाठीच की काय, आपले डोळेसुद्धा वेगळे घडलेत. १९९७ साली कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी माणसाचे डोळे इतर वानरकुळाच्या डोळ्यांशी ताडून पाहिले. बहुतेकांत बुबुळाभोवतीचा भाग गडद, त्यामुळे नजर कुठे आहे ते चटकन कळत नाही. माणसात मात्र तिथे लख्ख पांढरं, तेही भरपूर दिसणारं. आपली नजर लपत नाही. बाळ ती वाचतं.

मोबाइलची खरी खोड इथे आहे. आई भाजी निवडत असली की तिच्या नजरेच्या टोकाला मेथीची जुडी असते, बाळालाही ती दिसते. आजोबांच्या पेपरचं निदान मागचं पान तरी दिसतं. मोबाइल बघणाऱ्याच्या नजरेचा माग काढत गेलं की शेवटी एक काळं कव्हर लागतं. शिवाय चेहरा दगडासारखा.

या दगडी चेहऱ्याचा प्रयोग मोबाइल यायच्या कितीतरी आधी झालाय. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आई बाळाशी खेळते, मग काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, सगळ्या युक्त्या वापरतं. काहीच चालेना, की तोंड फिरवतं. आई समोरच असते, तरी.

मग व्हिडिओ लावून दिला तर? सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली, एकूण बारा बैठका. समोर बाई बसून खेळत बोलली त्या बाळांना चिनी ध्वनींतले फरक कळू लागले. तीच भाषा टीव्हीवर ऐकलेल्या बाळांच्या पदरात काही पडलं नाही. हे २००३ चं संशोधन.

आता गंमत बघा. २०१४ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग झाला, पण व्हिडिओ कॉलवर. तिथे मुलं नवे शब्द शिकली! पडदाच तो, पण पलीकडचं माणूस मुलाला बघून उत्तर देत होतं. तेव्हा सिडकोत राहणाऱ्या आजीनं पुण्याच्या नातवाला फोनवर ‘काय जेवलास?’ विचारलं तर खुशाल विचारू द्या. तो ‘वरणभात’ म्हणाला की ती ‘तूप घातलं का?’ विचारणारच. कार्टूनमधलं अस्वल ते विचारत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं मोबाइलच्या या खोडीवर अगदी गावरान उपाय काढला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, की टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. एकट्या पोराच्या हातातून मोबाइल काढून घेणं सोपं असतं, आणि तेवढंच फोल.

आपल्या संभाजीनगरात भोंगा कोण वाजवणार? पण रविवारी पाणचक्कीला जाणं होतंच. पोरानं बोट दाखवलं की आधी तिकडे बघा. फोटो नंतर काढा, मासे हौदातच आहेत.