अल्पभूधारक कुटुंबशेती

अल्पभूधारक कुटुंबशेती : मुख्यत्वे घरच्या माणसांच्या श्रमावर चालणारी, दोन हेक्टरांपर्यंतच्या जमिनीची शेती. कृषिगणनेत एक हेक्टरापेक्षा कमी क्षेत्र कसणाऱ्यास सीमांत आणि एक ते दोन हे. कसणाऱ्यास लहान शेतकरी म्हणतात. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०–७१ मध्ये ४.२८ हे. होते; २०१५–१६ मध्ये ते १.३४ हे. झाले. वारसांमधील वाटण्या हे त्याचे मुख्य कारण असून १९४७ च्या तुकडेबंदी अधिनियमाने ती प्रक्रिया थांबली नाही.

लहान शेत कमी पिकते, असे नाही. १९५०–६० या दशकातील शेती-व्यवस्थापनविषयक पाहण्यांत लहान शेतांचे दर हेक्टरी उत्पादन पुष्कळदा अधिक आढळले. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याचा संबंध घरच्या श्रमाशी जोडला. या श्रमाची मजुरी कोणी देत नाही, म्हणून ती खर्चात दिसत नाही. बाजारभावाने ती धरली, तर वरकड उत्पन्न बहुधा उरत नाही. खरी अडचण जमिनीबरोबर न घटणाऱ्या खर्चाची आहे. विहीर, पंप व बैलजोडी यांची विभागणी होत नाही. बैल वर्षातून थोडेच दिवस राबतात, वैरण मात्र बारमाही लागते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील छावणी भागात दर गुरुवारी भरणारा जनावरांचा बाजार या दृष्टीने उद्‍बोधक आहे. परिसरातील बरीचशी शेती कोरडवाहू आहे. पाऊस हुकला की वैरण संपते व अनेक शेतकरी एकाच वेळी जनावरे विकावयास आणतात. साहजिकच भाव पडतात. पुढल्या मृगापूर्वी तेच शेतकरी एकदम खरेदीस येतात व भाव चढतात. स्वस्तात विकून महागात घेण्याचा हा तोटा पिकाच्या हिशेबात कोठेच नोंदला जात नाही. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी असल्याने म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून नव्या जोडीसाठी मिळणारी रक्कमही आटली. ज्वारी-बाजरीची जागा कापसाने घेतली, तेथे कडबाही विकत घ्यावा लागतो.

धान्य-कापसाच्या विक्रीतही हाच अनुभव येतो. देणी भागविण्यासाठी माल सुगीतच, म्हणजे भाव उतरलेले असताना विकावा लागतो. सातबारा वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावे असल्यास कसणाऱ्यास बँकेचे पीककर्ज मिळणे कठीण होते आणि सावकाराकडे जावे लागते.

सावड व इर्जिक या जुन्या पद्धतींनी बैल आणि माणूसबळ यांचा खर्च वाटून घेतला जाई. त्यांची मर्यादा अशी, की वाफसा सर्वांच्या रानात एकाच वेळी येतो. भाड्याच्या ट्रॅक्टरासही हीच अडचण आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या एकत्रित खरेदी-विक्री करून खर्च काही अंशी कमी करू शकतात. केंद्राची किसान सन्मान निधी (२०१९) व राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी (२०२३) या योजनांतून प्रत्येकी वर्षाला ६,००० रु. देण्याची तरतूद झाली. अशा साहाय्याने घरखर्चास हातभार लागतो. परंतु जोडी राखण्याचा खर्च आणि विक्रीची निकड कायम राहते. माल थांबवून ठेवण्याची ऐपत येईपर्यंत लहान शेत पिकूनही तोट्यात राहण्याचा संभव असतो.