‘असून’ या शब्दात दडलेला कमीपणा

“अरे वा! गडचिरोलीचा असूनही किती छान बोलतोस!”

नागपूर-पुण्याच्या वसतिगृहात असे वाक्य ऐकले नाही, असा आपल्या जिल्ह्यातला विद्यार्थी विरळाच. बोलणारा हसून बोलतो, पाठीवर थापही मारतो. तरी मन खट्टू होते. कारण कौतुक वरवरचे असते, आणि ‘असून’ या शब्दात खरे मत असते: जंगलातल्या पोराकडून अपेक्षाच नव्हती. “तू तर तसा वाटतच नाहीस”, “फी माफ असेल ना तुला?” ही त्याच जातीची वाक्ये.

शिवी दिली तर उत्तर देता येते, कायदाही पाठीशी असतो. इथे मात्र बोट ठेवायला जागा नसते. काही म्हणावे तर “गंमत केली, मनाला लावून घेऊ नकोस” असे ऐकावे लागते. मग माणूस स्वतःवरच शंका घेतो आणि हळूहळू गप्प होतो. गट फुटत नाही, पण एक आवाज कमी होतो.

काय करावे?

सुत्तनिपातातील वसल सुत्त आठवा. अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने तथागतांना दुरूनच ‘वसल’ म्हणजे हीन म्हणून हटकले. बुद्ध चिडले नाहीत, गप्पही बसले नाहीत. वसल कोणाला म्हणतात हे तुला माहीत आहे का, असे त्यांनी विचारले. मग माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन ठरतो हे समजावून सांगितले.

आपणही तेच करावे. शांतपणे विचारावे, “असून म्हणजे काय?” नकळत बोललेला तिथेच ओशाळतो आणि सुधारतो. जाणूनबुजून बोललेला उघडा पडतो. जवळचा मित्र असेल तर नंतर एकट्याला गाठून सांगावे. तेच वारंवार घडत असेल तर तारीख आणि शब्द लिहून ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावाच्या तक्रारींसाठी महाविद्यालयात अधिकारी नेमायला सांगितले आहे. आणि आपण शेजारी बसून ऐकत असू तर आपणच आधी बोलावे. ज्याला लागले त्याच्यावरच सगळा भार नको.

आता आरसा आपल्याकडे

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण आपल्या कार्यक्रमात माडिया-गोंड मुलामुलींना रेला नाचायला बोलावतो, मंचावर खुर्ची देतो का? “त्यांना जागृत केले पाहिजे” असे आपण सहज म्हणतो. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये त्याने सामूहिक वनहक्कही मिळवला. बहुमताच्या जोरावर बैठक उरकणाऱ्या आपल्या मंडळांनी तिथे शिकायला जावे. विहारातल्या बैठकीत ताईंकडे नाश्ता आणि भाऊंकडे माईक, हाही तोच प्रकार.

सम्यक वाचेची कसोटी सोपी आहे: बोलणे वेळेवर, खरे, मृदू, हिताचे आणि मैत्रीभावाने असावे. ‘असून’ वाले कौतुक यातल्या शेवटच्या कसोटीवर नापास होते. पुढच्या बैठकीत कोण बोलले नाही, ते मोजा. त्याला आधी माईक द्या.

जयभीम, नमो बुद्धाय!