घटस्फोट : अपत्याचा ताबा व संपत्ती

विवाहविच्छेदाच्या हुकूमनाम्याने पति-पत्नी हे नाते संपते. अपत्याची जबाबदारी व उभयतांचे मालमत्तेतील हक्क यांचा निर्णय मात्र स्वतंत्र तरतुदींनुसार होतो. या दोन बाबतींत भारतीय कायद्याची कसोटी भिन्न आहे. अपत्याविषयी न्यायालय हित पाहते. संपत्तीविषयी प्रायः मालकी पाहते. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात कुटुंबाची मुख्य संपत्ती शेतजमीन असल्याने हा भेद विशेष जाणवतो.

अपत्याचा ताबा : पालकत्व व ताबा या एकच गोष्टी नव्हेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ अन्वये पिता हा प्रथम व त्याच्यानंतर माता नैसर्गिक पालक होय. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अभावीही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. पाच वर्षांखालील अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असतो. पाच वर्षे पूर्ण होताच मूल आपोआप पित्याकडे जाते, हा मोठ्या प्रमाणावर आढळणारा गैरसमज आहे. त्यानंतरही अपत्याचे हित हीच सर्वोच्च कसोटी राहते. केवळ पित्याचे उत्पन्न अधिक म्हणून ताबा त्याला मिळत नाही. पैशाची उणीव पोटगीने भरून काढता येते. जाणत्या मुलाची इच्छाही विचारात घेतली जाते. ताब्याचा कोणताही आदेश अंतिम नसतो. परिस्थिती पालटल्यास तो बदलता येतो, मग तो परस्परसंमतीने झालेला का असेना. ताबा नसलेल्या पालकाला सामान्यतः भेटीचा हक्क मिळतो.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे घटस्फोटाच्या दाव्यातच ताब्याचा आदेश मागता येतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली स्वतंत्र अर्ज करावयाचा असल्यास तो मूल सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. पती पुण्यास व मूल मातेसह दिग्रसला आजोळी कायमचे राहत असेल, तर असा अर्ज यवतमाळ जिल्ह्यात दाखल होतो.

संपत्ती : घटस्फोटानंतर पतीच्या मालमत्तेचा अर्धा भाग पत्नीस मिळतो, ही समजूत महाराष्ट्रात निराधार आहे. तसा नियम शेजारच्या गोव्यात आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास, पति-पत्नीची संपत्ती सामाईक मानली जाते. इतरत्र ज्याच्या नावे मालमत्ता त्याचीच ती राहते. पेरणी, निंदणी, कापूसवेचणी यांत पत्नीची वीस वर्षे गेली, तरी त्या श्रमाने पतीच्या शेतात तिची मालकी निर्माण होत नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चालविलेल्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेचा रोख याच अन्यायावर होता. पुढे शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. पण कलह सुरू झाल्यावर असा अर्ज कोणता पती करणार? घरात राहण्याचा जो हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिला, तोही निवासाचा आहे, मालकीचा नव्हे.

स्त्रीधन मात्र पूर्णतः पत्नीचे. दागिने सासरी ठेवलेले असले, तरी पती वा सासू त्यांचे केवळ विश्वस्त असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. म्हणून पावत्या, याद्या व लग्नातील छायाचित्रे जपणे इष्ट. विवाहात उभयतांस मिळालेल्या सामाईक वस्तूंची वाटणी कलम २७ खाली होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर माहेरच्या वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. घटस्फोटित स्त्रिया अनेकदा त्याकडेच दुर्लक्ष करतात. मूल कोणाकडेही राहो, पित्याच्या वडिलोपार्जित मिळकतीतील त्याचा जन्मसिद्ध हक्क अबाधित असतो.

मालकी न मिळाल्याची अंशतः भरपाई पोटगीने होते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी संपत्ती व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरविण्यात आले. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना असून त्यात जमिनीचे क्षेत्र, ती कोरडवाहू की ओलिताची, पिके, जनावरे व कर्ज यांचा तपशील द्यावा लागतो. ‘शेतीत काही उरत नाही’ एवढे मोघम उत्तर आता पुरेसे नाही.

आदिवासींचा प्रश्न : वरील हिंदू कायदे अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाहीत. त्यामुळे जिल्ह्यातील गोंड, कोलाम, परधान, आंध इ. जमातींत विवाह, काडीमोड व वारसा रूढीनुसार ठरतात, आणि न्यायालयात ती रूढी पुराव्याने शाबीत करावी लागते. लेखी नोंद क्वचितच असल्याने हे काम स्त्रीला फार जड जाते. तथापि १८९० चा कायदा त्यांनाही लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ खालील निर्वाहखर्चही धर्म वा जमात न पाहता मिळतो. हे कलम १ जुलै २०२४ पासून अंमलात असून पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित पत्नी व अज्ञान अपत्ये त्याखाली थेट प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे वा, असल्यास, कुटुंब न्यायालयाकडे अर्ज करू शकतात.