पॅडलबोर्डिंग

पॅडलबोर्डिंग : पाण्यावर तरंगणाऱ्या लांबट व रुंद फळीवर उभे राहून एका लांब वल्ह्याच्या साहाय्याने पुढे जाण्याचा जलक्रीडाप्रकार. फळीवर पालथे पडून किंवा गुडघे टेकून हातांनी वल्हविण्याचा एक प्रकारही याच नावाने ओळखला जातो. तथापि सामान्यतः पॅडलबोर्डिंग म्हणजे उभ्याने करावयाचा प्रकार असे समजले जाते. लाटांवर, नदीच्या वेगवान प्रवाहात व शर्यतीसाठी हा खेळ खेळला जात असला, तरी त्याचा सर्वाधिक प्रसार सरोवरे, जलाशय, खाड्या यांसारख्या संथ पाण्यावरील करमणूक म्हणून झाला आहे.

इतिहास : लहान तराफ्यावर किंवा होडीत उभे राहून वल्हे अथवा वासा मारीत जाण्याची रीत अनेक देशांत पुरातन आहे. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी लव्हाळ्याच्या मोळ्यांपासून केलेल्या निमुळत्या नौका बांबूच्या वल्ह्याने चालवीत आले आहेत. आजच्या खेळाचा उगम मात्र हवाई बेटांत झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास वायकीकी येथील लाटाक्रीडेचे शिक्षक मोठ्या फळीवर उभे राहून, उलांडीच्या होडीचे वल्हे हाती घेऊन आपल्या शिष्यांवर लक्ष ठेवीत. पुढे ही प्रथा मागे पडली. २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या लाटाक्रीडापटूंनी लाटा नसतील त्या दिवसांतील व्यायाम म्हणून तिचे पुनरुज्जीवन केले. हवा भरून फुगविता येणाऱ्या फळ्या निघाल्यावर समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही हा खेळ साध्य झाला.

आंतरराष्ट्रीय लाटाक्रीडा संघटनेने या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा २०१२ मध्ये पेरू देशात भरविली. आंतरराष्ट्रीय कनू महासंघानेही २०१९ पासून चीनमधील चिंगडाओ येथून स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू केली. खेळ लाटेचा की वल्ह्याचा, या वादावर क्रीडा लवादाने २०२० मध्ये निर्णय दिला. त्यानुसार ऑलिंपिक पातळीवरील नियंत्रण लाटाक्रीडा संघटनेकडे राहिले व स्पर्धा भरविण्याची मुभा दोघांनाही मिळाली. २०२४ पर्यंतच्या ऑलिंपिक सामन्यांत मात्र या खेळाचा समावेश झालेला नव्हता. भारतात या खेळाचा प्रसार मुख्यतः कर्नाटकातील मुलकी व तमिळनाडूतील कोवलम या किनाऱ्यांवरून झाला.

साधने : करमणुकीसाठी वापरावयाची फळी साधारणतः ३ ते ३·५ मी. लांब, ७५ ते ८५ सेंमी. रुंद व १० ते १५ सेंमी. जाड असते. टणक फळीचा गाभा हलक्या फेसाचा असून त्यावर काचतंतू व रेझिनाचे कवच असते. फुगविता येणाऱ्या फळीत वरचा व खालचा पापुद्रा असंख्य आडव्या-उभ्या धाग्यांनी एकमेकांस जोडलेला असतो. त्यामुळे पुरेशा दाबाने हवा भरली असता ती फुग्यासारखी गोल न होता सपाट व ताठ राहते. फळीच्या तळाशी मागील बाजूस माशाच्या परासारखे एक किंवा तीन पाती असतात. वल्हे एकाच बाजूने मारल्यास फळी दुसऱ्या बाजूस वळू लागते; ही प्रवृत्ती ही पाती कमी करतात. वल्ह्याची लांबी वापरणाऱ्याच्या उंचीहून १५ ते २५ सेंमी. अधिक असते. त्याचे पाते दांड्याशी किंचित पुढे कललेले असते. नवशिका पुष्कळदा ते उलटे धरतो. पात्याचा कल पुढे असला म्हणजे वल्हे बरोबर धरले असे समजावे.

तत्त्व : माणूस व फळी यांचे एकत्रित वजन ८० किग्रॅ. असेल, तर फळी सुमारे ८० लि. पाणी बाजूस सारून तरंगते. फळीचे घनफळ याच्या दुपटीहून अधिक असल्यास ती पाण्याच्या पृष्ठाशी उंच राहते व सहज डुबत नाही. तरंगणे व स्थिर राहणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. उलटण्यास होणारा विरोध स्थूलमानाने फळीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून वजन तेच ठेवून ७५ सेंमी. ऐवजी ८५ सेंमी. रुंदीची फळी घेतल्यास हा विरोध जवळजवळ दीडपट होतो. शर्यतीची फळी अरुंद व लांब असल्याने वेगवान, पण अस्थिर असते. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो. तोल जाऊ लागताच गुडघ्यांवर बसणे हा त्यामुळेच सर्वांत सोपा उपाय ठरतो.

तंत्र : प्रथम गुडघ्याएवढ्या किंवा त्याहून खोल पाण्यात फळीच्या मध्यावर गुडघे टेकून बसतात व थोडा वेग आल्यावर एकेक पाऊल टेकून उभे राहतात. पावले खांद्यांइतक्या अंतरावर व समांतर, गुडघे किंचित वाकलेले आणि दृष्टी क्षितिजाकडे असावी. पायांकडे पाहिल्यास तोल जातो. पाते पावलांच्या बरेच पुढे पूर्ण बुडवून घोट्यांपर्यंत ओढतात व तेथेच बाहेर काढतात. त्यामागे ओढल्यास ते पाणी केवळ वर उचलते व फळी खाली दाबली जाते. बळ केवळ दंडांचे न लावता कंबर व धड यांचे लावावे. वळण्यासाठी वल्हे फळीपासून दूर, अर्धवर्तुळाकार फिरवितात. सामान्य गती ताशी ४ ते ५ किमी. असते.

पाण्याची निवड : पाणी संथ दिसणे व संथ असणे यांतील फरक कोकणातील खाड्यांत विशेष लक्षात घ्यावा लागतो. उल्हास नदी अरबी समुद्रास मिळते ती वसईच्या खाडीने. घोडबंदरलगत, मीरा-भाईंदरमधील वरसावे येथे मुंबई–अहमदाबाद महामार्ग पुलांवरून ही खाडी ओलांडतो. काठी तिवरांची दाटी, मागे डोंगर व मध्ये रुंद पात्र असे येथील दृश्य भरतीच्या शेवटी सरोवरासारखे शांत भासते. परंतु हे पाणी भरती-ओहोटीचे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी ४ मी.हून अधिक चढते-उतरते व दर सहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते. ओहोटीच्या सहा तासांपैकी पहिल्या व सहाव्या तासात पाणी एकूण उताराच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतके उतरते, तर तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मे उतरते. खाडीच्या आकारानुसार यात फरक पडतो. प्रवाहाचा वेग वल्हवण्याच्या गतीइतका झाला, की परतू पाहणारा जागच्या जागी राहतो. तो थकताच समुद्राकडे वाहत जातो.

किनाऱ्यावरील कोळ्यांना परिचित असलेला तिथीचा हिशेब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते : चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमा व अमावास्येस भरती बाराच्या सुमारास येत असल्याने त्या दिवशी सकाळी सहास ओहोटी सरलेली व काठचा चिखल उघडा पडलेला असतो. शिवाय दिवसभर प्रवाह जोराचा असतो. अष्टमीनंतरच्या एकदोन दिवसांत मात्र भांग असल्याने चढ-उतार कमी असतो आणि पूर्ण भरती सहा ते साडेसातच्या दरम्यान येते. खाडीत आत जावे तसा तिला आणखी थोडा उशीर होतो. सकाळी वाराही मंद असतो. दुपारी खारे वारे वाहू लागतात. उभ्या माणसाचे शरीर शिडासारखे वारा धरते व वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानुसार वाढतो. यास्तव हिवाळ्यातील नवमी-दशमीची सकाळ ही अशा खाडीत सर्वांत सौम्य वेळ होय. नेमकी वेळ मात्र प्रसिद्ध भरतीपत्रकावरूनच ठरवावी. पावसाळ्यात नदीचा पूर ओहोटीस मिळत असल्याने तेव्हा पाण्यात जाऊ नये. नवशिक्याने प्रारंभ पवना, मुळशी यांसारख्या जलाशयांवर, संबंधित खात्याच्या परवानगीने करावा, हे उत्तम.

सुरक्षा : पोहता येत असले तरी तरणजाकीट घालावे. फळी स्वतःच मोठा तरंड असल्याने पडणारा तिच्यापासून दूर जाऊ नये म्हणून पायास दोरी बांधतात. बंदिस्त, स्थिर पाण्यात ही दोरी प्राणरक्षक ठरते. वाहत्या पाण्यात मात्र तीच घातक होऊ शकते. पुलाचा खांब, नांगरलेल्या होडीचा दोर किंवा तिवराचे खोड यांच्या एका बाजूस फळी व दुसऱ्या बाजूस माणूस अशी स्थिती झाल्यास दोरी अडकते. प्रवाहाच्या दाबामुळे वाकून घोट्यापर्यंत हात पोहोचविणे अशक्य होते. म्हणून प्रवाहात दोरी कमरेच्या अशा पट्ट्यास जोडतात, की जो एका ओढीत सुटतो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट येथे पावसाने फुगलेल्या नदीतील ठेंगण्या बंधाऱ्यावरून फळ्या ओढल्या जाऊन चौघांचा मृत्यू झाला. नदीची ही अवस्था व बंधाऱ्याचा धोका पुरेसा ओळखला न जाणे आणि घोट्यास बांधलेल्या दोऱ्या या बाबी तेथील चौकशीत पुढे आल्या.

याखेरीज एकट्याने न जाणे, परतीची वेळ काठावरील कोणास सांगून ठेवणे, प्रारंभी प्रवाहाविरुद्ध व वाऱ्याविरुद्ध जाऊन परतताना त्यांचे साहाय्य घेणे हे संकेत सर्वत्र पाळले जातात. खाडीत ओहोटीच्या वेळी काठाच्या गाळात उतरू नये. फळीवर पालथे पडून पाणी चढण्याची वाट पाहणे अधिक सुरक्षित असते. मासेमारीची जाळी व रेती वाहणारी पडाव यांपासून दूर राहावे. शहरी सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात अंगावर उघडी जखम घेऊन जाणे टाळावे.

या खेळास महागडे मैदान वा दीर्घ शिक्षण लागत नाही. तोल, पाठ व पाय यांना त्यापासून चांगला व्यायाम मिळतो. त्याची खरी विद्या वल्ह्याइतकीच पाण्याच्या ज्ञानात आहे, आणि ते ज्ञान कोकण किनाऱ्यावर कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेले आहे. अनोळखी खाडीत फळी सोडण्यापूर्वी तेथील कोळ्यांस विचारणे हा म्हणूनच सुरक्षेचा पहिला नियम ठरतो.