मोबाइलवरच्या गाण्याची फर्माइश

आपल्या आवडीचे गाणे चार लोकांना कळावे म्हणून एके काळी पोस्टकार्ड लिहावे लागे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. फर्माइशीच्या गाण्याआधी निवेदक श्रोत्याचे आणि त्याच्या गावाचे नाव घेई. झारखंडातले झुमरी तलैया तर अशा फर्माइशींमुळेच देशभर ठाऊक झाले.

आज पोस्टकार्ड लागत नाही. डहाणू रोडहून सुटलेल्या लोकलमध्ये बसल्याबसल्या मुलगा आवडीचे गाणे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवतो आणि तलासरीचा मामा ते लगेच ऐकतो. आनंद वाटल्याने वाढतो, यात वावगे काहीच नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट नोंदीची. रेडिओवर नाव वाचले की विषय संपत असे. मोबाइल तसा विसरत नाही. स्टेटस २४ तासांनी दिसेनासे होते, पण यूट्यूबवर काय ऐकले त्याची नोंद ‘हिस्टरी’त राहते. ती पाहता येते, पुसताही येते. स्टेटस कोणाला दिसावे, हेही आपल्याला ठरवता येते. घरातल्या मुलामुलींना हे एकदा जवळ बसवून दाखवा.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. आपण जे ऐकतो, त्याच वळणाचे मोबाइल पुन्हा पुढे वाढतो. रोज डीजेचीच गाणी लावली, तर तारपा पुढे येणार कसा? डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. अशा चित्रांतून तारप्याचा नाच जगाने पाहिला. पण चित्रातून सूर ऐकू येत नाही! सुकवलेला भोपळा आणि बांबू यांतून निघणारा तो सूर तुमच्याच पाड्यावर आहे.

तेव्हा यंदा नवे भात घरात आले, की तारपा वाजवणाऱ्या आजोबांजवळ बसा. त्यांना विचारून दोन मिनिटांचे वादन मोबाइलमध्ये भरा. खाली त्यांचे आणि पाड्याचे नाव लिहायला विसरू नका. देवकार्यातले गाणे असेल, तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून ते बाहेर पाठवू नका.

पोस्टकार्डावर गावाचे नाव आपण हौसेने लिहीत होतो ना? मग इथेही लिहू या.