कुलवृत्तान्त आणि तबकडीची प्रतिमा

आमच्या घरीं जुनीं पंचांगें ठेवण्याची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्या तळाशीं गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें एक चकचकीत तबकडी पडून होती. आमच्या वडील बंधूंनीं १९९८ सालीं ती विकत घेतली. तिच्यावर मराठी टंकलेखनाचें एक सॉफ्टवेअर होतें. बंधु २०११ सालीं कैलासवासी झाले, त्यांचा संगणक भंगारांत गेला, आणि तबकडी मात्र कोणाच्या ध्यानांत न आल्यामुळें राहिली. गेल्या मार्गशीर्षांत ह्याच वस्तूवांचून आमचें सारें कुटुंब अडून बसलें. अशी एखादी तबकडी वाचकांपैकीं अनेकांच्या कपाटांत असेल असा आमचा तर्क असल्यामुळें ही हकीकत सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

बंधूंनीं नोकरी सांभाळून कित्येक वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त जमविला होता. त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहून, नातलगांच्या घरीं मुक्काम करून, त्यांनीं नऊ पिढ्यांचीं ३१२ पृष्ठें स्वहस्तें टंकलिखित केलीं. कागदावरील एकुलत्या एक प्रतीस वाळवी लागली. फाइल तेवढी वांचली होती. यंदा तो ग्रंथ छापावा असें सर्वांच्या मनांत आलें, आणि पुतण्यानें ती नव्या संगणकावर उघडली, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम व चित्रविचित्र चिन्हें ह्यांचा नुसता पाचोळा दिसूं लागला.

ह्याचें कारण असें. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरांच्या आकृति इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेल्या असत. फॉन्ट असेल तोंवर ‘क’ दिसे. फॉन्ट गेला कीं त्याखालचें इंग्रजी अक्षर उघडें पडे. शिवाय कोणत्या जागीं कोणती आकृति ठेवावी, हें ज्याचा तो ठरवी. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं सरकारी मानक झालें होतें, त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति देवनागरीसह निघाली होती. परंतु घरोघरच्या टंकलेखनापर्यंत ती शिस्त पोंचण्यास फार काळ गेला. तात्पर्य, आमच्या ३१२ पृष्ठांची किल्ली त्या तबकडींत होती, आणि नव्या संगणकास तबकडी घालण्याची फटच नव्हती. शहरांतील एका दुकानदारास विचारलें असतां त्यानें ती फेंकून देण्याचा सल्ला दिला.

येथें आमचा स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. तबकडी मळकट दिसली म्हणून आम्हीं ती धोतराच्या सोग्यानें भांडें घासावें तशी गोल गोल पुसली. पुतण्या मटकन् खालींच बसला. “काका, पुसायचीच तर मधून कडेकडे सरळ पुसावी. माहिती गोल ओळींत लिहिलेली असते. आपण ओळीच्या ओळी खरवडल्या!” चाळीस वर्षें फळा पुसण्यांत गेलेल्या हातास ही विद्या नवीन होती.

त्यानें बाहेरून जोडावयाचा एक सीडी-ड्राइव्ह मागविला, आणि प्रथम तबकडीवरील सर्व फाइली संगणकांत उतरविल्या. अशा फाइलींच्या समूहास सेटअप म्हणतात. तो म्हणजे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर नव्हे. तें संगणकांत कोठें, कसें मांडावें ह्याच्या आज्ञा व त्यासाठीं लागणारी दाबून भरलेली सामग्री त्यांत असते. सेटअप चालविला असतां त्यानें “तबकडी घाला” असा हट्ट धरला. फाइली सर्व होत्या. परंतु तबकडीस स्वतःचें एक नांव असतें, तें त्यास दिसेना.

सोलापुरांत राहणारांस ही गोष्ट चादरीच्या मागावरून चटकन् कळेल. जॅकार्ड मागावर नक्षी उमटते ती पुठ्ठ्याच्या छिद्रें पाडलेल्या कार्डांमुळें. लियाँ येथील जॅकार्डनें १८०४ च्या सुमारास ही युक्ति प्रचारांत आणिली. कार्डें सुटीं करून टोपलींत भरून दिलीं, तर एकहि कार्ड हरवलें नसूनहि मोर विणला जाणार नाहीं. माळ ज्या क्रमानें ओंविलेली आहे त्याच क्रमानें पाहिजे. तबकडीची प्रतिमा, जिला आयएसओ फाइल म्हणतात, ती म्हणजे ही सबंध माळ. तबकडीच्या पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत जें कांहीं आहे, कोरे खणदेखील, तें जसेंच्या तसें एका फाइलींत उतरवून घेणें.

हें नांव आलें तें ९६६० क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकावरून. १९८५ सालीं अमेरिकेंत ताहो सरोवराजवळील हाय सिएरा नांवाच्या हॉटेलांत निरनिराळ्या कंपन्यांचे तज्ज्ञ जमले, त्यांनीं तबकडीवरील मांडणीचा एक मसुदा केला, आणि सुधारणा होऊन १९८८ सालीं तो मानक झाला. त्याप्रमाणें माहिती २०४८ बाइटांच्या खणांत ठेवितात. पहिले सोळा खण मोकळे सोडून पुढील खणांत तबकडीचें नांव, आकार व अनुक्रमणिकेचा ठावठिकाणा लिहितात. ऐंशी मिनिटांच्या तबकडीवर सेकंदास ७५ ह्या हिशेबानें ३,६०,००० खण मावतात, म्हणजे ७३ कोटि ७२ लक्ष ८० हजार बाइट. हा गुणाकार आम्हीं कागदावर करून पाहिला, आणि तो जुळला ह्याचें आम्हांस उगीचच समाधान वाटलें.

आमच्या धोतराच्या प्रतापानें कांहीं खण वाचले जाईनात. पुतण्यानें डीडीरेस्क्यू नांवाचें साधन लाविलें. तें वाचतां येतील ते खण आधीं घेतें, जे अडतील त्यांची यादी ठेवितें, आणि मग त्यांवर पुन्हां पुन्हां प्रयत्न करितें. रात्रभर यंत्र घरघरत होतें. सकाळीं ४१ खण राहिले होते. शेजारच्या एका विद्यार्थ्याकडील दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह आणून त्याच यादीवरून पुढें चालविलें, तेव्हां तेहि मिळाले. एका यंत्रास न दिसणारा खण दुसऱ्यास दिसतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

प्रतिमा तयार होतांच तिचा ठसा काढिला. एसएचए-२५६ ह्या रीतीनें कोणत्याहि फाइलीवरून ६४ अंकाक्षरांची एक ओळ निघते, आणि फाइलींत एक बिंदु बदलला तरी ती ओळ निराळीच येते. आमच्या वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं संहितेचें अक्षर न अक्षर बांधून ठेविलें, त्याची आम्हांस आठवण झाली. भेद एवढाच कीं, घनपाठी चूक कोठें झाली तें सांगतो; ठसा केवळ चूक आहे एवढेंच सांगतो.

प्रतिमा विंडोजच्या २०१२ नंतरच्या आवृत्तींत नुसती दोनदां टिचकी मारून उघडते आणि संगणकास खरीच तबकडी घातल्याचा भास होतो. तबकडीचें नांव दिसल्याबरोबर सेटअपचा हट्ट संपला. पण आतां नवें विघ्न. तो सेटअप १६-बिट पद्धतीचा होता, आणि हल्लींची ६४-बिट विंडोज तसा सेटअप चालवीतच नाहीं. तेव्हां संगणकाच्या पोटांत दुसरा काल्पनिक संगणक निर्माण करणारें व्हर्च्युअलबॉक्स नांवाचें साधन घेऊन, २००४ सालच्या संगणकाबरोबर विकत घेतलेली विंडोज एक्सपी तींत बसविली. तिची देखभाल कंपनीनें २०१४ सालींच थांबविली असल्यामुळें तिला इंटरनेटचा वारा लागूं दिला नाहीं. ह्या काल्पनिक संगणकास प्रतिमाच तबकडी म्हणून लाविली.

बंधूंनीं त्या सॉफ्टवेअरच्या पुढें निघालेल्या दुरुस्त्या व कांहीं जास्त फॉन्ट निरनिराळ्या फोल्डरांत ठेविले होते. ते सुटे सेटअपहि आंत न्यावयाचे होते. त्यांची एकत्र प्रतिमा करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. आमची पहिली समजूत अशी कीं, फाइलीच्या नांवाचें शेपूट ‘ईएक्सई’ होतें तें ‘आयएसओ’ केलें म्हणजे झालें. तसें होत नाहीं. पोथीवर ‘ऋग्वेद’ लिहिल्यानें आंतील पंचतंत्र बदलत नाहीं. सर्व सेटअप एका फोल्डरांत ठेवावे, इम्गबर्नसारख्या विनामूल्य साधनास तो फोल्डर दाखवावा, प्रतिमेस नांव द्यावें, आणि त्याच्याकडून नवी अनुक्रमणिका रचवून घ्यावी. आम्हीं हौसेनें फोल्डरांस ‘कुलवृत्तान्त’, ‘दुरुस्त्या’ अशीं नांवें दिलीं होतीं. प्रतिमा उघडून पाहतों तों नांवांच्या जागीं नुसत्या आडव्या रेघा! मूळ मानकाच्या कडक नियमांत इंग्रजी मोठीं अक्षरें, अंक आणि खालची रेघ ह्यांखेरीज कांहीं चालत नाहीं, आणि नांवास आठ अक्षरांची मर्यादा. मायक्रोसॉफ्टनें १९९५ च्या सुमारास ‘जोलिएट’ नांवाची पुरवणी काढिली. ती निवडली म्हणजे देवनागरी नांवें राहतात, परंतु ६४ चिन्हांच्या आंत. ‘कुलवृत्तान्त’ हीं आपल्या हिशेबानें पांच अक्षरें. यंत्र काने, उकार, हलन्त सर्व सुटे मोजून तीं बारा धरतें.

आणखी एक भ्रम. सेटअपाची प्रतिमा केली म्हणजे तिच्यावरून संगणक सुरूं होईल असें नव्हे; त्यासाठीं ‘एल टोरिटो’ ह्या पद्धतीचा निराळा आरंभ-खण लागतो. तसेंच ज्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागें बसवावयाचें कुलूप, म्हणजे डोंगल, लागे, त्याची प्रतिमा कितीहि उत्तम केली तरी तें कुलुपावांचून चालत नाहीं. आमचें सुदैव कीं बंधूंनीं साधी आवृत्ति घेतली होती. हें करणें कायद्यास धरून आहे काय, अशी शंका आमच्या मेहुण्यांनीं काढिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत, सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्याजवळ न्याय्य मार्गानें आली आहे त्यास, ती नष्ट होईल म्हणून संरक्षणार्थ प्रत काढण्याची मुभा आहे. मात्र ती प्रत गल्लींत वाटण्याची नाहीं.

पौष वद्य पंचमीस रात्रीं नऊच्या सुमारास पडद्यावर पहिलें पान उघडलें. वर ‘श्री’ होतें, खालीं मूळ पुरुषाचें नांव, आणि बंधूंची लांबलचक वाक्यें. घरांतील सर्व माणसें मागें उभीं होतीं. वहिनींनीं चष्मा काढून पुसला व पुन्हां लाविला, पण वाचण्यास त्या पुढें आल्या नाहींत. पुढील पंधरा दिवस तो मजकूर युनिकोडांत नेण्यांत व जोडाक्षरें तपासण्यांत गेले.

शेवटच्या पृष्ठावर एक कोष्टक निघालें, तें कोणासच ठाऊक नव्हतें. घराण्यांत आलेल्या ज्या स्त्रियांचें माहेर किंवा माहेरचें नांव बंधूंस मिळालें नव्हतें, अशा तेवीस जणींच्या जागा त्यांनीं रिकाम्या सोडल्या होत्या, आणि समोर ‘बार्शीच्या आत्यांस विचारणें’ असें लिहिलें होतें. आत्या आतां ९३ वर्षांच्या आहेत. आम्ही तें कोष्टक मोठ्या अक्षरांत छापून घेऊन दुसऱ्याच दिवशीं सकाळच्या गाडीनें बार्शीस गेलों. दोन बैठकींत त्यांनीं नऊ नांवें सांगितलीं. दहाव्याशीं थबकल्या, आणि “उद्यां आठवेल, राहा आजचा दिवस” म्हणाल्या. आम्ही राहिलों.