कसारा घाटात ट्रकचा दम का तुटतो?

भरलेला ट्रक कसारा घाट चढताना अचानक मरगळला, की संशय आधी डिझेल पंपावर जातो. खरा चोर बरेचदा हवेच्या वाटेवर असतो!

1 किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे 14.5 किलो हवा लागते. ही हवा टर्बो दाबून भरतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी त्याचं पेटंट 1905 मध्ये घेतलं. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं त्याचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतं.

आता हिशेब बघा. 1.5 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) म्हणजे वातावरणाचा दाब धरून 2.5 बार. वाटेत हवा गळून बूस्ट निम्मा झाला, तर उरतात 1.75 बार, म्हणजे तापमान तेच धरलं तरी हवा 30 टक्क्यांनी घटली.

जुन्या इंजिनात मग डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो. नव्या इंजिनात सेन्सर कमी दाब ओळखतो आणि संगणक डिझेलच कापतो. धूर फारसा दिसत नाही, पण ताकद जाते.

टर्बो बदलण्याआधी त्याची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे होज आणि क्लॅम्प तपासावेत. लोडवर फुसफुस ऐकू येते का? पाइपवर तेलकट डाग आहेत का? इंजिन बंद ठेवून, बेताच्या दाबाची हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी लावलं, की गळती बुडबुड्यांनी उघडी पडते.